विश्लेषण : निवृत्त ‘मिग-२१’ पुन्हा आकाशात झेपावू शकेल का? जुनी लढाऊ जेट उडती ठेवणं इतकं अवघड का असतं?

भारतीय हवाई दलाच्या ‘मिग-२१’ विमानांना २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडमध्ये निरोप देण्यात आला. १९६३ मध्ये दाखल झालेलं हे विमान ६२ वर्षं सेवेत होतं. आता निवृत्त मिग कुठे चौकात, कुठे संग्रहालयात, कुठे शाळा-कॉलेजच्या आवारात उभी राहतील. पण विमानप्रेमींना पडणारा प्रश्न वेगळा आहे. यातलं एखादं विमान कायम उडतं का ठेवू नये? जुनी बुलेट दुरुस्त करून चालवता येते, विंटेज कारची रॅली निघते, मग विंटेज जेट का नाही?

जगात काही ठिकाणी हे केलं जातं. पण त्यामागे किती मेहनत असते आणि त्यात कुणाचा जीव पणाला लागतो, हे समजून घेण्यासारखं आहे.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे. भारतात तयार झालेली मिग-२१ नाशिकजवळच्या ओझरमध्ये जोडली गेली. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या ‘हिंदुस्तान एरोनॉटिक्स’च्या (एचएएल) या कारखान्यात मिग-२१ एफएल, एम आणि बिस या आवृत्त्या बनल्या. विमानाचा सांगाडा ओझरचा, तर इंजिन ओडिशातल्या कोरापूटचं. नंतर ‘बायसन’ ही सुधारित आवृत्तीही ओझरमध्येच आकाराला आली. मिग-२७ ची बांधणीही इथलीच. हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपोही ओझरलाच आहे.

म्हणजे मिगचं पोट उघडून पुन्हा बंद करणारे हात मराठी मुलखात तयार झाले. ओझरमध्ये आता ‘तेजस’ बनतं. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथूनच तेजस मार्क-१ए चं उड्डाण झालं. कारखाना पुढे गेला. मिगची विद्या जाणणारे तंत्रज्ञ मात्र एकेक करून निवृत्त होत आहेत.

स्मारकातलं विमान आणि उडतं विमान यात फरक काय?

पुण्यात घोरपडीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात ‘मिग-२३ बीएन’ उभं आहे. गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात ‘सी हॉक’, ‘सी हॅरियर’, ‘व्हॅम्पायर’ अशी जेट पाहायला मिळतात. ही विमानं बाहेरून पूर्ण दिसतात. पण स्मारकासाठी विमान देताना त्यातलं इंधन, शस्त्रं आणि स्फोटक काडतुसं काढून घेतली जातात. कामाचे सुटे भाग अनेकदा सेवेत असलेल्या दुसऱ्या विमानासाठी वापरले जातात. ‘एका गाडीचं काढून दुसरीला लावायचं’ हा गॅरेजमधला नियम इथेही चालतो.

त्यामुळे चबुतऱ्यावर चढलेलं विमान पुन्हा उडवणं जवळपास अशक्य असतं. उडतं ठेवायचं तर निर्णय निवृत्तीच्या दिवसाआधीच घ्यावा लागतो. सुस्थितीतलं विमान, सोबत सुट्या भागांसाठी त्याच जातीची आणखी दोन-तीन विमानं, राखीव इंजिनं, खास अवजारं आणि सगळी कागदपत्रं एकत्र बाजूला काढावी लागतात.

मावळच्या पावसात जेट उभं केलं तर?

समजा, कान्हे फाट्यावरून टाकव्याकडे वळणाऱ्या रस्त्यालगत आंदर मावळात एखादं निवृत्त जेट उघड्यावर ठेवलं. लोणावळा-मावळच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने हवा ओलीच असते. या पट्ट्यात घराचे पत्रे आणि दुचाकीचे सायलेन्सर किती टिकतात, हे स्थानिकांना सांगायला नको.

विमानाचं शरीर प्रामुख्याने ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूंचं असतं. शुद्ध ॲल्युमिनिअम सहसा गंजत नाही. पण विमानाला मजबुती देणाऱ्या मिश्रधातूत तांबं, जस्त असतं आणि तिथेच गोम आहे. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनिअमचा पत्रा यांच्यामध्ये पाणी अडकलं की छोटी बॅटरीच तयार होते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. काही वेळा धातूला पापुद्रे सुटतात. वरचा रंग मात्र छान चकचकीत दिसत असतो. जुन्या जेटमध्ये चाकांचे आणि गिअरबॉक्सचे भाग मॅग्नेशिअमच्या मिश्रधातूचेही असत. ओलाव्यात ते आणखी लवकर खराब होतात.

भारताने १९४८ मध्ये घेतलेलं पहिलं जेट, ‘व्हॅम्पायर’, तर वेगळंच प्रकरण होतं. त्याचा कॉकपिटचा भाग बाल्सा लाकूड आणि प्लायवूडचा होता. जेट विमानाची तपासणी करताना डिंक सुटला का आणि लाकूड फुगलं का, हेही पाहावं लागायचं.

म्हणून उडतं ठेवायचं विमान बंद हँगरमध्ये, हवेतली आर्द्रता कमी करणाऱ्या यंत्रांसह ठेवतात. उघड्या चौकात ते काम होत नाही.

बाहेरून धडधाकट, मग उडवायला अडचण काय?

दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. तारेचा तुकडा वारंवार वाकवला की तो एकाच जागी तुटतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. लढाऊ विमान वळण घेताना त्याच्या पंखांवर वजनाच्या कित्येक पट भार येतो. प्रत्येक उड्डाणात, प्रत्येक उतरण्यात पंखाचा मुख्य तुळईसारखा भाग थोडा थकतो. म्हणून विमानाचं वय वर्षांबरोबर उड्डाणाच्या तासांत आणि उतरण्याच्या संख्येतही मोजतात.

केसाएवढी चीर शोधण्यासाठी धातू न तोडता तपासणी केली जाते. कुठे रंगीत द्रव लावून, कुठे ध्वनिलहरी सोडून, कुठे विद्युतप्रवाहाने, तर कुठे एक्स-रे काढून. त्यासाठी विमान जवळपास पूर्ण उघडावं लागतं. जोडीला रबरी सील, होसपाइप, इंधनाच्या पिशव्या आणि वायरिंग असतंच. न वापरताही रबर कडक होतं आणि वायरच्या आवरणाला भेगा पडतात. त्यामुळे कमी उडालेलं विमान म्हणजे चांगलं विमान, असं म्हणता येत नाही.

इंजिन सुरू झालं की काम झालं?

नाही. जेट इंजिनात पुढून हवा ओढली जाते, कॉम्प्रेसर ती दाबतो, इंधन जळतं आणि तप्त वायू टर्बाइन फिरवत मागून बाहेर पडतो. हे तत्त्व मावळाला परकं नाही. लोणावळ्यात १९४५ पासून असलेल्या ‘आयएनएस शिवाजी’मध्ये नौदलाचे अभियंते युद्धनौकांची इंजिनं शिकतात. ‘आयएनएस विक्रांत’ ज्या एलएम-२५०० गॅस टर्बाइनवर चालते, तीही मुळात विमानाच्या इंजिनापासूनच बेतलेली आहे.

फरक असा की जहाजाचं इंजिन बंद पडलं तर जहाज तरंगत राहतं. मिग-२१ ला एकच इंजिन आहे आणि पंख लहान. ते तासाला ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उतरतं आणि थांबायला मागे पॅराशूट उघडावं लागतं. इंजिन बंद पडलं तर वैमानिकाला विचार करायला काही सेकंदच मिळतात.

म्हणून प्रत्येक इंजिनाला ठरावीक तासांनंतर पूर्ण उघडून दुरुस्ती करावी लागते. ती करणारी कार्यशाळा बंद झाली की उरलेले तास संपेपर्यंतच विमानाचं आयुष्य.

छोटी चूक किती महाग पडते, याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. ‘व्हल्कन’ हे शीतयुद्धाच्या काळातलं चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान तिथल्या एका ट्रस्टने लोकवर्गणीतून दुरुस्त केलं आणि २००७ मध्ये ते पुन्हा उडालं. मे २०१२ मध्ये उड्डाणाच्या तयारीत असताना त्याची दोन इंजिनं निकामी झाली. कारण? ओलावा शोषण्यासाठी ठेवलेल्या सिलिका जेलच्या पिशव्या आत राहून गेल्या होत्या. नव्या बुटांच्या खोक्यात मिळते, तसल्याच पदार्थाची पिशवी. विमान कोरडं ठेवण्याचा उपायच इंजिनाच्या मुळावर आला.

वैमानिकाच्या आसनाखाली स्फोटकं?

हो. इजेक्शन सीट म्हणजे वैमानिकाला बाहेर फेकणारी यंत्रणा काडतुसांवर चालते. औषधांसारखी या काडतुसांनाही मुदत असते. मुदत संपली की ऐनवेळी ती पेटतील याची खात्री नाही. ती कुणीही बनवू शकत नाही. पुण्यातल्या पाषाणच्या ‘एआरडीई’सारख्या संरक्षण प्रयोगशाळांचं हे क्षेत्र आहे, तेजसच्या वैमानिकाला बाहेर पडताना डोक्यावरचं आवरण फोडणारी यंत्रणा तिथलीच. विमान निवृत्त झालं की अशा काडतुसांची मागणी संपते आणि उत्पादनही थांबतं. चार विमानांसाठी कारखान्याची लाइन कोण चालू ठेवणार?

तुटक्या साखळीचा हा प्रश्न व्हल्कनलाही भोवला. तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी पुढे साथ देणं थांबवलं आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये विमानाने शेवटचं उड्डाण केलं. पैसा देणारे लोक होते, पाहणारे लाखो होते. पण ‘हे विमान सुरक्षित आहे’ या कागदावर सही करणारं कुणी उरलं नाही.

खाली उभ्या असलेल्यांचं काय?

या विषयातला सर्वात गंभीर प्रश्न हाच आहे. २२ ऑगस्ट २०१५ रोजी ब्रिटनमधल्या शोरहॅम इथे हवाई कसरतींदरम्यान एक जुनं ‘हॉकर हंटर’ जेट शेजारच्या महामार्गावर कोसळलं. १९७१ मध्ये लोंगेवालाच्या लढाईत भारताच्या कामी आलेल्या हंटरच्याच कुळातलं हे विमान. ११ जणांचा मृत्यू झाला. सगळे जमिनीवरचे. वैमानिक वाचला. विमान कसरतीत शिरताना वेग आणि उंची कमी होती, असं तपासात आढळलं. इजेक्शन सीटमधल्या काडतुसांची मुदत उलटल्याचंही समोर आलं. त्यानंतर ब्रिटनने जुन्या लष्करी जेटच्या जमिनीवरील कसरतींवर कडक बंधनं घातली.

ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या एअर शोत खासगी मालकीचं ‘मिग-२३’ कोसळलं. विमानातले दोघेही बाहेर पडले. विमान एका निवासी संकुलाच्या पार्किंगजवळ पडलं. जमिनीवर कुणी दगावलं नाही, हे नशीब.

भारतातही ही जखम ताजी आहे. ८ मे २०२३ रोजी राजस्थानच्या हनुमानगड जिल्ह्यात मिग-२१ एका घरावर कोसळलं. वैमानिक वाचला, तीन महिला गेल्या. ते विमान प्रदर्शनातलं नव्हतं, हवाई दलाच्या नियमित सेवेतलं होतं. पूर्ण यंत्रणा पाठीशी असताना हा धोका राहतो, तर हौसेच्या उड्डाणात तो कुणाच्या माथी मारायचा? मुंबई-पुणे महामार्ग, द्रुतगती मार्ग, लोहमार्ग आणि दाट वस्ती एकाच खोऱ्यात असलेल्या मावळात हा प्रश्न कागदावरचा राहत नाही.

मग कुणालाच जमत नाही का?

जमतं. स्वीडनमध्ये हवाई दलाच्या ऐतिहासिक ताफ्यात ‘ड्राकेन’ आणि ‘विगेन’ ही स्वदेशी जेट उडती ठेवली आहेत. गुपित सोपं आहे. विमान त्यांच्याच देशात बनलेलं, तंत्रज्ञ तिथलेच आणि हवाई दलाचा आधार.

भारतीय हवाई दलाचाही विंटेज ताफा आहे. त्यातली टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डकोटा ही ओळखीची नावं. ‘परशुराम’ नावाची डकोटा ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये भारतात उडत आली. पण ही तिन्ही पिस्टन इंजिनाची, पंख्यावर चालणारी, तुलनेने संथ विमानं आहेत. इंजिनात बिघाड झाला तर मोकळी जागा शोधायला वैमानिकाला थोडा तरी वेळ मिळतो. मिगच्या बाबतीत ती सवलत नाही.

मधला मार्ग आहे का?

आहे आणि तो ब्रिटनमध्ये रुळलाही आहे. वेल्सबोर्न इथे आणखी एक व्हल्कन आहे. ते उडत नाही. पण त्याची इंजिनं सुरू केली जातात आणि ते स्वतःच्या ताकदीवर धावपट्टीवर धावतं. आवाज, कंप, केरोसीनचा वास सगळं खरं. चाकं मात्र जमिनीवर. यासाठीही हँगर, तपासणी, अग्निशमन आणि जाणकार माणसं लागतातच, पण पंखांवर लढाईचा भार पडत नाही आणि कुणाच्या घरावर विमान घिरट्या घालत नाही.

ओझरला धावपट्टी आहे, कारखाना आहे, दुरुस्ती डेपो आहे आणि नाशिक परिसरात मिगवर आयुष्य घालवलेले तंत्रज्ञ आहेत. एक मिग-२१ असं ‘जिवंत’ ठेवायचं ठरलं, तर महाराष्ट्रात त्यासाठी यापेक्षा योग्य जागा सापडणं कठीण. आयटीआय आणि अभियांत्रिकीच्या मुलांना त्यावर चीर शोधायला, गंज ओळखायला, इंजिन जपायला शिकवता येईल. हे कौशल्य उद्याच्या तेजसलाही लागणारच आहे.

अडचण वेळेची आहे. रबर कडक होतंय, काडतुसांची मुदत संपतेय, सुटे भाग भंगारात जाण्याची वेळ येतेय. विमानाचा सांगाडा एकवेळ रंग देऊन पन्नास वर्षं उभा ठेवता येईल. कोणता बोल्ट किती पिळायचा आणि इंजिनाचा कोणता आवाज धोक्याचा, हे ज्यांच्या हाताला आणि कानाला ठाऊक आहे, त्यांच्याकडून ते शिकून घ्यायला मात्र फारशी वर्षं उरलेली नाहीत.