रक्त खरं की चॉकलेटचं?

“असल्या बीभत्स सिनेमात कला कसली?” आमच्या महिला मंडळात हा वाद नेहमीचा. पण मैत्रिणींनो, किळस आली म्हणजे कला नाही, असं कसं म्हणायचं?

हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) न्हाणीघरातल्या खुनात रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं. चाकू अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही, तरी अंगावर काटा येतो. ही कला!

१९८० च्या इटालियन ‘कॅनिबल होलोकॉस्ट’मुळे दिग्दर्शक देओदातो यांना नट जिवंत असल्याचं कोर्टात सिद्ध करावं लागलं. कासवासारखे मुके जीव मात्र कॅमेऱ्यासमोर खरोखरच मारले होते. सिनेमा माणसाच्या क्रौर्यावर बोट ठेवतो, हे मान्य. पण त्यासाठी स्वतःच क्रूर व्हायचं? भीती खुशाल दाखवा; जीव घेऊन नको.