याद लिहायच्या आधी एक चक्कर प्रदर्शनात

शिवऱ्यात लग्न काढणाऱ्याला जागेची वाण नाही. वेळू, शिवरे, केळवडे, नसरापूर, कापूरहोळ अशा भोर तालुक्यातल्या महामार्गावरच्या पट्ट्यात मंगल कार्यालयं आणि लॉन्स हाकेच्या अंतरावर आहेत. गाडं अडतं ते दरावर. कार्यालयवाला एक सांगतो, आचारी दुसरं, मंडपवाला तिसरं, आणि त्यांना गाठायला घरातल्या कर्त्या माणसाच्या खेपांवर खेपा होतात. पुण्यात भरणारी लग्नाची प्रदर्शनं ही सगळी मंडळी एका छताखाली आणून बसवतात. शिवऱ्याहून पुणं 25-30 किलोमीटर, सकाळी निघून दिवेलागणीला परत. ही चक्कर बैठकीच्या आधीच मारावी, असं माझं ठाम मत आहे.

कारण बैठकीत याद होते. जेवण कोणाकडं, मंडप कोणाकडं, कपडे, भांडी, मानपान, सगळं कागदावर उतरतं. त्यातले आकडे मात्र बहुतेक अंदाजाचे असतात, आणि पुढचे रुसवेफुगवे त्या अंदाजातूनच निघतात. दोन्हीकडच्यांना खरे दर ठाऊक असले की मुलीच्या बापाच्या पदरात नको ते ओझं पडत नाही. आणि दर ऐकून एवढा खर्च नकोच वाटला, तर ‘यादी पे शादी’ची वाट आपल्याकडं मोकळी आहेच: सकाळी याद, दुपारी अक्षता!

तारीख एक, नवऱ्या अनेक

आषाढी एकादशीपासून चातुर्मास, त्यात मुहूर्त नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराई सुरू. त्यातही गुरू किंवा शुक्राचा अस्त आला की मुख्य मुहूर्त पुन्हा थांबतात. 2024 च्या मे-जूनमध्ये नेमकं तेच झालं. मग उरलेल्या थोड्या तारखांवर सगळा तालुका तुटून पडतो. तोच आचारी, तोच बँड, तेच गुरुजी, आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यापाशी वऱ्हाडाच्या गाड्यांची तीच रांग. म्हणून पावसाळ्यात भरणारं प्रदर्शन सोन्यासारखं. हाताशी वेळ असतो, समोरच्याची वहीही कोरी असते आणि दर बोलता येतो.

ताटाचा दर म्हणजे काय?

सगळ्यात जास्त पैसा जेवणात जातो, म्हणून इथं सवड काढून उभं राहावं. आचाऱ्याला चवीपुढचं विचारा. ताटं मोजणार कोण? ठरल्यापेक्षा जास्त पान उठलं तर दर तोच की वाढीव? वाढपी, पाण्याच्या बाटल्या, भांडी घासणारी माणसं दरात धरली आहेत का? शिधा आपला आणि मजुरी त्यांची, असं चालेल का? भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यात घरोघरी इंद्रायणी तांदूळ पिकतो, तेव्हा हा प्रश्न हजारो रुपयांचा आहे. शेजारच्या दोन ठेल्यांवर हेच विचारलं की खरा दर आपोआप पुढं येतो.

कार्यालयाचंही तसंच. वीज युनिटवर की भाड्यात, जनरेटरचं डिझेल कोणाचं, वळवाचा पाऊस आला तर लॉनवरची पंगत हलवायची कुठं, तारीख रद्द झाली तर अनामत किती परत, हे सगळं लेखी घ्या. रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हेही वरातीच्या हिशेबात धरा.

पैठणी उलटी करून बघा

येवल्याच्या पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हातमागाची पैठणी ओळखायची खूण सोपी: पदर उलटा करा. मागच्या बाजूलाही नक्षी तेवढीच स्वच्छ दिसली, लोंबते धागे नसले, तर काम हाताचं. हे फोटोवरून कळत नाही. प्रदर्शनात विणकर समोर असतो, दोन साड्या शेजारी ठेवून बघता येतात.

सोन्यावर आता सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक हवाच. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कचे दागिने त्याशिवाय विकता येत नाहीत. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो क्रमांक तिथल्या तिथं घालून बघा.

फोटोवाल्याकडून निवडक पन्नास फोटो नव्हे, एका लग्नाचा अख्खा अल्बम मागा. पंगतीत बसलेल्या आजीचा फोटो कसा आलाय, ते बघा. भाटघर धरणाच्या वाटेवरच्या नेकलेस पॉइंटला, जिथं नीरा सुंदर वळण घेते, तिथं कोणाचाही फोटो छानच येतो.

रुखवतासाठी वेगळी जत्रा

रुखवत हे तर मांडवातलं आपलं स्वतःचं प्रदर्शन! ते विकत घ्यायचं असेल तर झगमगाटी हॉलपेक्षा पुण्यातली भीमथडी जत्रा किंवा बचत गटांचं ‘सरस’ गाठावं. कुरडया, पापड, विणकाम, भरतकाम करणारी बाई स्वतः समोर असते आणि पैसा थेट तिच्या हाती पडतो.

जिथं जोडीच जुळते

लग्नाचं सामान नव्हे, जोडीदारच शोधायचे मेळेही भरतात. बिहारमधल्या मधुबनीजवळच्या सौराठला मैथिल ब्राह्मणांची लग्नसभा भरते. पंजीकार वंशावळी तपासतात आणि नातं आड येत नसल्याचा दाखला देतात. शांघायच्या पीपल्स पार्कात आईबाप मुलांची माहिती छत्र्यांवर चिकटवून बसतात. आयर्लंडच्या लिस्डूनवार्नात सप्टेंबरमध्ये जोडी जुळवण्याचा उत्सव असतो, मोरोक्कोच्या इमिलशिलमध्येही साधारण तेव्हाच. आपले वधू-वर मेळावे याच गोतावळ्यातले.

आणि पुण्यानंच दाखवलेली दुसऱ्या टोकाची वाट: सत्यशोधक समाज 24 सप्टेंबर 1873 ला स्थापन झाला आणि 25 डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला, पुरोहिताविना, अगदी मोजक्या खर्चात. प्रदर्शनातल्या कुठल्याही ठेल्यावर न थांबता लग्न होऊ शकतं, हे जोतीराव फुल्यांनी तेव्हाच दाखवलं.

निघताना

‘आजच बुक करा, सूट मिळेल’ असं दहा ठिकाणी ऐकू येईल. घाई नको. दरपत्रक घ्या, घरी सगळ्यांनी बसून बघा. नवरी मुलीला सोबत न्याच, ठरवाठरवी तिच्यामागं होऊ नये. पत्रिकेच्या ठेल्यावर नमुना पसंत केलात तर छापून आल्यावर एक प्रत जपून ठेवा. गावात विवाह नोंदणी ग्रामपंचायतीत होते आणि कागदपत्रांत लग्नपत्रिका मागतात.