समुद्राला लोहाची मात्रा

लोह कमी पडलं की कुंडीतला मोगरा पिवळा पडतो. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातलं सूक्ष्म शेवाळही असंच लोहाचं भुकेलं. ते मिळालं की शेवाळ फोफावतं, कार्बन डायऑक्साइड शोषतं. मेल्यावर त्यातला थोडा कार्बन खोल बुडतो.

२००९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं जर्मन शास्त्रज्ञांसह या समुद्रात लोह टाकून पाहिलं. जहाज समुद्रात असतानाच जर्मन सरकारनं काम थांबवलं. प्रश्न होता, हे समुद्रात कचरा टाकणं तर नव्हे? १९७२ चा लंडन करार म्हणतो, नुसत्या विल्हेवाटीखेरीज अन्य हेतूनं टाकलेली वस्तू कचरा नव्हे, मात्र ती कराराच्या उद्देशांविरुद्ध नसावी. वकिलांना एवढी फट पुरते! अखेर परवानगी मिळाली. शेवाळ वाढलंही, पण बरंचसं चिमुकल्या समुद्रजीवांनी फस्त केलं. खोल गेलेला कार्बन नगण्यच.