तिऱ्हाइताचें सूत्र आणि संगणकाची हिशेबवही



संगणकावरील हिशेबाच्या वहीस स्प्रेडशीट म्हणतात. १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांची ‘व्हिझिकॅल्क’ ही घरगुती संगणकावर चालणारी पहिली अशी वही बाजारांत आली. १९८५ सालीं मायक्रोसॉफ्टची ‘एक्सेल’ आली. या वहीच्या चौकटींत एक तर आंकडा असतो किंवा सूत्र असतें. एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेलीं सारीं उत्तरें आपोआप बदलतात. परंतु सूत्रांतील एखादा शब्द तिऱ्हाइतानें घडविलेला असला, आणि वही परक्या यंत्रावर उघडली गेली, तर उत्तर कोणीं द्यावयाचें? आज याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

सूत्रांत योजिल्या जाणाऱ्या क्रियांना फंक्शन म्हणतात. बेरजेचें ‘सम’ हें फंक्शन एक्सेलच्या अंगचेंच आहे. याखेरीज इतरांनीं लिहिलेलीं फंक्शनें बाहेरून जोडतां येतात. त्या जोडणीस अ‍ॅड-इन, म्हणजे पुरवणी, म्हणतात. ‘एडेट’चें उदाहरण घ्या. दिलेल्या तारखेनंतर अमुक महिन्यांनीं कोणती तारीख येईल, हें तें सांगतें. २००३ च्या आवृत्तीपर्यंत तें ‘अ‍ॅनालिसिस टूलपॅक’ नांवाच्या, एक्सेलबरोबरच मिळणाऱ्या पुरवणींत असे. ज्या यंत्रावर ती चढविलेली नसे, तेथें तारखेऐवजीं ‘हें नांव अपरिचित आहे’ अशा अर्थाची खूण उमटे. २००७ च्या आवृत्तींत तें मूळ संचांत आलें. घरच्या पुरवणीची ही गत, मग तिऱ्हाइतांकडून घेतलेल्या पुरवण्यांची काय कथा!

याचें कारण वही साठविण्याच्या रीतींत आहे. जुन्या ‘एक्सएलएस’ फायलींत ‘सम’ची नोंद ४ या क्रमांकानें होते, पुरवणींतील फंक्शनचें मात्र केवळ नांव लिहिलें जातें. नव्या ‘एक्सएलएसएक्स’ फायलींत सर्वच सूत्रें अक्षरांनीं लिहितात. तरी पुरवणीची कृति फायलीबरोबर जात नाहीं. वैद्यानें चिठ्ठीवर आपल्या घरच्या चूर्णाचें नांव लिहून द्यावें आणि रोग्यानें ती परगांवच्या दुकानीं न्यावी, तसाच हा प्रकार. नांव पोंचतें, कृति मागें राहते.

हें परगांवचें दुकान कोणतें? पुष्कळ संस्थांच्या सर्व्हरवर एक्सेल नसतें. तेथें जावा भाषेंतील प्रोग्राम ‘अपाचे पीओआय’सारख्या लायब्ररीच्या, म्हणजे तयार प्रोग्रामसंग्रहाच्या, साहाय्यानें वही उघडतो, आंकडे बदलतो व सूत्रें पुन्हां सोडवितो. विंडोजसाठीं घडविलेली पुरवणी तेथें जशीच्या तशी चालत नाहीं. अशा वेळीं लायब्ररीवर तीन कर्तव्यें येतात. पहिलें, अपरिचित नांव वहींतून पुसूं नये. दुसरें, त्या नांवाचा अर्थ नोंदविण्यास जागा ठेवावी. पीओआयमध्यें प्रोग्रामर तीच कृति जावांत लिहितो व त्याच नांवानें नोंदवितो. सूत्रांत तें नांव आढळलें कीं लायब्ररी नोंदलेल्या संचांत त्याचा शोध घेते. तिसरें कर्तव्य, अर्थ न सांपडल्यास ‘हें फंक्शन मला येत नाहीं’ असें स्पष्ट सांगून थांबावें.

हें तिसरें कर्तव्य सर्वांत महत्त्वाचें होय. फायलींत सूत्राशेजारीं त्याचें मागील उत्तरहि साठविलेलें असतें. मूळ आंकडे बदलल्यावर तें शिळें होतें. परंतु दिसतें मात्र अगदीं ताज्यासारखें! कर्जाची रक्कम बदलली आणि हप्ता जुनाच छापला गेला, तर ऋणकोला चूक कळावी कशी? रिकामी चौकट माणसास सावध करते. चुकीचा आंकडा त्याला निश्चिंत करतो.

पर्यायी कृति लिहिणाऱ्यानेंहि सीमेवरचीं उदाहरणें तपासलीं पाहिजेत. ३१ जानेवारी २०२५ नंतर एक महिन्यानें कोणती तारीख? ‘एडेट’ २८ फेब्रुवारी सांगतें. फेब्रुवारींत न मावलेले तीन दिवस पुढें ढकलणारी कृति ३ मार्च सांगेल, आणि त्या तीन दिवसांचें व्याज कोणाच्या तरी माथीं बसेल. एक्सेलच्या पंचांगांत तर, ‘लोटस’ या जुन्या प्रोग्रामशीं मेळ राखण्याकरितां, कधींहि न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० हा दिवसहि धरलेला आहे! नक्कल करावयाची ती अशा लकबींसकट.

सुदैवानें परीक्षेचें साधन त्याच फायलींत असतें. आंकडे बदलण्यापूर्वीं सारीं सूत्रें नव्या कृतीनें सोडवावीं आणि साठविलेल्या उत्तरांशीं ताडून पाहावीं. तीं जुळलीं नाहींत, तर वही पुढें चालवूं नये. तीं जुळलीं, तरी वर सांगितलेलीं सीमेवरचीं उदाहरणें मूळ पुरवणीकडून सोडवून घेऊन तींहि ताडावीं. एवढें झाल्यावरच तिऱ्हाइताच्या शब्दावर हिशेब सोंपवावा.