उघडता येईल असा लॅपटॉप

जळगाव-धुळ्यात लॅपटॉपवर कलेचं काम करून पोट भरणारी मंडळी साधारण तीन-चार प्रकारची आहेत. कुणी लग्नाचं शूटिंग करतं आणि मग अल्बम व व्हिडिओ लावून देतं, कुणी वाढदिवसापासून निवडणुकीपर्यंतचे फ्लेक्स करतं, कुणी अहिराणी गाणी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतं, तर कुणी पत्रिका, पुस्तिका, दिवाळी अंकांची जुळणी सांभाळतं. ‘झुमकावाली पोर’सारखं अहिराणी गाणं पुण्या-मुंबईच्या लग्नांतही वाजलं, त्यामुळे या कामात उतरायची इच्छा असलेल्या पोरांची आता वाण नाही. त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: लॅपटॉप कोणता घ्यायचा? दुकानातलं ठरलेलं उत्तर म्हणजे हप्त्यावर नवा. माझं मत वेगळं आहे. ज्याच्या हातात पैसा मोजका आहे, त्यानं स्वस्तातला नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा २०१८च्या आसपासचा, एखाद्या कंपनीच्या वापरातून बाहेर पडलेला लॅपटॉप घ्यावा आणि उरलेले पैसे त्यात घालावेत. अट एकच, तो उघडता आला पाहिजे आणि त्यातले भाग बदलता आले पाहिजेत. जुन्या लॅपटॉपची खरी किंमत त्याच्या आजच्या वेगापेक्षा त्यात उद्या काय बसवता येईल यावर ठरते.

हे लॅपटॉप येतात कुठून, ते आधी पाहू. पुण्या-मुंबईच्या, बंगळुरूच्या कंपन्या आपल्या माणसांना लॅपटॉप देतात आणि तीन-चार वर्षांनी ते एकगठ्ठा बाहेर काढतात. हा माल लॉटनं उचलला जातो, दिल्लीचं नेहरू प्लेस किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा बाजारांत साफसूफ होतो आणि तिथून गावोगावच्या दुकानांत पोचतो. जळगावात गोलाणी मार्केटमध्ये, धुळ्यात आग्रा रोडच्या परिसरात चौकशी केली तर डेलचं लॅटिट्यूड, एचपीचं एलिटबुक, लेनोवोचं थिंकपॅड ही नावं कानावर पडतील. ही घरगुती वापराची नव्हे, कंपन्यांसाठी बनवलेली यंत्रं. हजार लॅपटॉप सांभाळणाऱ्या कंपनीला बिघडलेला भाग चटकन बदलता यायला हवा असतो, म्हणून त्यांचं खालचं झाकण साध्या स्क्रूंवर निघतं, रॅम स्लॉटमध्ये बसते आणि सुटे भाग बाजारात वर्षानुवर्षं मिळत राहतात. मोठ्या कंपनीच्या सोयीसाठी केलेली ही रचना पुढे आपल्या कामी येते. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, त्यामुळे सातव्या आणि त्याआधीच्या जनरेशनचा माल विकून टाकायची घाई आहे. तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. कारण केवळ विंडोजचं नाही. सातव्या जनरेशनच्या लॅपटॉपमधल्या नेहमीच्या आय-फाइव्हला दोनच कोअर होते, आठव्यात ते चार झाले. व्हिडिओच्या कामात हा फरक रोज जाणवतो.

आता रॅमकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. दहा बाय वीस फुटांचा एक फ्लेक्स घ्या. तो ७२ डीपीआयनं पूर्ण मापात केला तर एका बाजूला ८,६४० आणि दुसऱ्या बाजूला १७,२८० ठिपके होतात, म्हणजे एकूण सुमारे १४ कोटी ९३ लाख. छपाईसाठीचे चार रंग धरले तर पूर्ण भरलेला एकच थर जवळपास ६०० एमबी खातो. पार्श्वभूमी, नेत्याचा फोटो, कार्यकर्त्यांची रांग, सावल्या आणि अक्षरं असे थर चढले की फोटोशॉपची मागणी तीन-चार जीबीच्या पुढे जाते. विंडोज आणि ब्राउझरही त्याच रॅममध्ये राहत असतात. आठ जीबीची रॅम इथे संपते आणि लॅपटॉप डिस्कवर लिहा-वाचायला लागतो. माणूस माउस हलवत बसतो आणि त्याला वाटतं, प्रोसेसर जुना आहे. स्वस्तातल्या कित्येक नव्या, पातळ लॅपटॉपमध्ये आठ जीबी रॅम बोर्डावर डाग देऊन कायमची बसवलेली असते. काहींत एखादा मोकळा स्लॉट असतो, काहींत तोही नसतो, आणि मग पुढची पाच वर्षं तेवढ्यावरच भागवावं लागतं. थिंकपॅड टी ४८०, एलिटबुक ८४० जी ५, लॅटिट्यूड ५४९० या तिन्हींत मात्र रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि ३२ जीबीपर्यंत जाता येतं. दोन्ही स्लॉट भरले की प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही जरा मोकळं चालतं, कारण त्याला वेगळी मेमरी नसते, ते हीच रॅम वापरतं. इथे नावांची नीट काळजी घ्यावी. टी ४८०च्या शेपटाला एक ‘एस’ लागला की तो पातळ भाऊ होतो, त्यात काही रॅम बोर्डालाच चिकटलेली असते आणि स्लॉट एकच. रेटिना पडद्याच्या मॅकबुकमध्ये तर रॅम बदलायची सोयच नाही.

२०२५च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव जगभर चढले आणि डीडीआर-फोर ही जुनी रॅमही त्यातून सुटली नाही. ‘आधी घेऊ, रॅम नंतर टाकू’ हा जुना सल्ला त्यामुळे आज तसाच्या तसा लागू होत नाही. १६ जीबी आधीच बसवलेला नग आणि ८ जीबीचा नग यांच्या भावातला फरक काढावा, सुट्या रॅमचा भाव विचारावा आणि मग ठरवावं. बऱ्याचदा भरलेला नगच स्वस्त पडेल. डिस्कचा हिशोब सोपा आहे. जुनी फिरती हार्डडिस्क सेकंदाला साधारण शंभर एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या पुढे जाते. एसएसडी नसेल तर आधी ती. गाणी करणाऱ्यांना तर याहून फारसं काही लागतही नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडा वर जातो. चार मिनिटांच्या गाण्याचे तीस ट्रॅक धरले तरी एक जीबीच्या आसपासच भरतात. डफ, संबळ, कीबोर्ड, दोन गळे आणि कोरस हे सगळं आठव्या जनरेशनचा लॅपटॉप आरामात सांभाळतो. अशा माणसानं वाचलेला पैसा चांगल्या माइकवर आणि खोलीतला घुमारा कमी करण्यावर घालावा.

खानदेशातला सगळ्यात गंभीर आक्षेप उन्हाचा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ॲपल मॅकबुकसाठी १० ते ३५ अंशांची हवा सांगतं, थिंकपॅडची वरची मर्यादाही ३५ अंशच आहे. एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळ, धुळ्यात पारा चाळिशी ओलांडून पंचेचाळीसपर्यंत चढतो आणि पत्र्याच्या छताखालच्या स्टुडिओत रात्री उशिरापर्यंत धग राहते. लगीनसराईही नेमकी तेव्हाच. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जड काम सगळ्यात वाईट हवेत करायचं असतं. प्रोसेसर शंभर अंशांजवळ गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि दोन तासांचा एक्सपोर्ट चार तासांवर जातो. जुन्या लॅपटॉपमध्ये पंख्यात धूळ बसलेली, थर्मल पेस्ट सुकलेली, म्हणजे तो आणखी तापणार हे खरंच आहे. पण हा दोष दुरुस्त होणारा आहे. खालचं झाकण काढून पंखा आणि जाळी साफ करणं, पेस्ट नवी लावणं हे चांगल्या कारागिराचं तासाभराचं काम आहे आणि जुना लॅपटॉप घेतल्यावर रॅमच्याही आधी ते करून घ्यावं. उलट पंखाच नसलेला एम-वन मॅकबुक एअर कितीही वेगवान असला, तरी चव्वेचाळीस अंशांत लांब एक्सपोर्टला बसवला की मंदावतो आणि त्यावर आपल्या हातात उपाय उरत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. कूलरचा ओला झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नये. इथलं पाणी जड आहे. त्याचे बारीक तुषार आत गेले की क्षार बसतो. लॅपटॉप उंचावर ठेवावा, कूलर माणसाकडे वळवावा आणि मोठे एक्सपोर्ट पहाटेला लावावेत.

दुसरा आक्षेप व्हिडिओवाल्यांचा: ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर फोर-के कसं कापणार? थेट कापायला गेलं तर अडखळणारच. फोर-केच्या एका चौकटीत ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. पण प्रीमियर, डाविंची, केडेनलाइव्ह या सगळ्यांत प्रॉक्सीची सोय आहे. मूळ फाइलची ९६० गुणिले ५४० मापाची हलकी नक्कल करायची, तिच्यावर कापाकापी करायची आणि शेवटी सॉफ्टवेअर मूळ फाइलवरून एक्सपोर्ट काढतं. नकलेत ठिपके सोळाव्या हिश्श्याइतकेच असल्यामुळे आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह टाइमलाइनवर सरळ चालतो. नकला रात्री बनवायला लावायच्या आणि सकाळी कामाला बसायचं. यात वेळ जातो हे मान्य, पण जातो तो यंत्राचा, माणसाचा नाही. आपल्या शेजारच्या मालेगावात शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा सिनेमा केला, पुढे हिरव्या कापडासमोर नट उभा करून सुपरमॅन उडवला. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ते सगळं दिसतं. नासिर यांच्या हातातल्या साधनांपेक्षा आजचा सेकंडहँड लॅपटॉप कितीतरी पुढचा आहे. कामाची शिस्त नसेल, तर कुठलंही ग्राफिक्स कार्ड ती उणीव भरून काढत नाही.

पडद्याच्या बाबतीत मात्र मी जुन्याची बाजू घेणार नाही. कंपन्यांनी घेतलेल्या या लॅपटॉपना बऱ्याचदा १३६६ गुणिले ७६८चा पडदा असतो, मान थोडी हलली की रंग बदलतो. फुल एचडी आयपीएस मिळाला तरी त्याची रंगांची झेप बहुधा तोकडी असते. अशा पडद्यावर नवरीच्या शालूचा लाल ठरवला तर अल्बम छापून आल्यावर गिऱ्हाईक भांडायला येईल. फुल एचडी आयपीएस पडद्याचाच नग मागावा आणि रंगाचं काम करणाऱ्यानं एसआरजीबी ही रंगांची प्रमाण कक्षा पूर्ण दाखवणारा वेगळा मॉनिटर जोडावा. तो पुढच्या लॅपटॉपलाही चालतो, म्हणून त्यातला पैसा वाया जात नाही.

वॉरंटी नाही आणि फसवणूक होते, हा आक्षेपही खरा आहे. त्याला उत्तर एकच, पैसे देण्याआधी दुकानातच अर्धा तास बसून तपासणी. लॅपटॉप सुरू करताना बायोसमध्ये शिरून पाहावं. तिथे पासवर्ड मागितला तर नग परत करावा, कारण तो काढणं फार कटकटीचं असतं. विंडोज नव्यानं टाकून, इंटरनेट जोडून पाहावं. एखाद्या कंपनीच्या नावानं लॉगिन मागितलं तर लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या ताब्यातून सुटलेला नाही. विंडोजच्या ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेनं बॅटरी रिपोर्ट काढला की बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. आजची निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्यावेत. टचपॅड वर उचललेला दिसला तर आतली बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी, तसा नग हातातही धरू नये. पांढऱ्या पडद्यावर डाग, बिजागरीचा ढिलेपणा, प्रत्येक यूएसबी आणि प्रत्येक बटण पाहावं. जीएसटीचं बिल घ्यावं आणि दुकानदार तीन महिन्यांची हमी देत असेल तर ती त्यावर लिहून घ्यावी. ‘फोटोशॉप, कोरल, सगळं टाकून देतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणावं. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर काय आत येतं ते गिऱ्हाइकांच्या लग्नाचे फोटो गेल्यावर कळतं. चित्रांसाठी क्रिटा, अक्षरांसाठी इंकस्केप, व्हिडिओसाठी डाविंचीची मोफत आवृत्ती आहे. फ्लेक्सच्या छपाईवाल्याला कोरलचीच फाइल लागत असेल तर कोरलचं रीतसर लायसन्स हा धंद्याचा खर्च धरावा.

हा सल्ला सगळ्यांसाठी नाही. थ्रीडी ॲनिमेशन करणाऱ्याला, तीन-चार कॅमेऱ्यांचं फोर-के लग्न आठवड्याला दोनदा देणाऱ्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच. त्यानं जुन्या लॅपटॉपपेक्षा त्याच पैशात डेस्कटॉप जोडून घ्यावा. तो थंडही राहतो आणि स्टुडिओ सोडून त्याला कुठे जायचंही नसतं.