खाल्के : राजवाड्याचे दार आणि ख्रिस्ताची प्रतिमा

कॉन्स्टँटिनोपलच्या राजप्रासादाचे मुख्य प्रवेशद्वार म्हणजे खाल्के, अर्थात ‘कांस्यद्वार’. 532 च्या नीका दंगलीत ते जळाले; सम्राट जस्टिनियनने ते पुन्हा उभारले. दारावरची ख्रिस्ताची प्रतिमा सम्राट तिसऱ्या लिओने उतरवली आणि चिडलेल्या स्त्रियांनी शिडी पाडून अधिकाऱ्याला ठार केले, अशी परंपरागत कथा आहे. मात्र त्याआधी तेथे प्रतिमा होती का, याविषयीच आज काही अभ्यासक शंका घेतात. सम्राज्ञी आयरीनने मात्र तेथे ख्रिस्तप्रतिमा बसवली. नंतर सम्राट पाचव्या लिओने ती काढून क्रूस लावला. क्रुसासोबतचे पद्यलेख म्हणजे मूर्तिभंजकांची, अर्थात प्रतिमापूजेच्या विरोधकांची, जाहीर भूमिकाच! 843 मध्ये प्रतिमापूजेला पुन्हा मान्यता मिळाल्यावर ख्रिस्त दारावर परतला. पुढे ‘खाल्कितेस’ हे ख्रिस्ताचेच बिरुद झाले. त्याच शहरातील खोरा मठाच्या कुट्टिमचित्रावर ते आजही वाचता येते.