लेखांक सातवा : गावची वाहिनी आणि डिजिटल केबल

गेल्या लेखांकात उपग्रहाचा संकेत केबलचालकाच्या गच्चीवरील तबकडीपर्यंत आपण आणून सोडला होता. आज त्या गच्चीखालच्या खोलीत शिरावयाचे आहे.

ॲनालॉग पद्धतीत प्रत्येक वाहिनीला तारेवर स्वतंत्र कंप्रतापट्टा लागे, आणि जो पट्टा रिकामा असेल त्यावर एक मॉड्युलेटर बसवून स्वतःची वाहिनी सोडण्यास केबलचालकाला कोणाची मनधरणी करावी लागत नसे. नगरपालिकेची निवडणूक, गणपतीची विसर्जन मिरवणूक, गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार, नळाला पाणी न येण्याच्या सूचना आणि पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या साडीच्या दुकानांच्या जाहिराती, हा सारा संसार त्या एका उपकरणावर चाले. निवेदन पुष्कळदा ओबडधोबड असे, आणि चित्रपटांच्या हक्कांविषयी तर न बोललेले बरे. तथापि ज्याची तार त्याची वाहिनी, इतका हा व्यवहार सरळ होता.

१९९५ च्या केबल कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन, कुलूपबंद संकेत सेट टॉप बॉक्समधूनच उलगडण्याची सक्ती झाली. मुंबईसह चार महानगरांना ३१ ऑक्टोबर २०१२, पुणे, नागपूर, नाशिक आदी ३८ शहरांना ३१ मार्च २०१३ अशी मुदत होती. शेवटचा ग्रामीण टप्पा मुदतवाढ घेत ३१ मार्च २०१७ वर गेला. जोडण्यांचा आकडा केबलचालक सांगेल तोच खरा मानावा लागत असल्याने करमणूक कराची वसुली आणि वाहिनीमालकांचा हिशेब दोन्ही लंगडे पडत, हे सरकारचे म्हणणे मला रास्त वाटते. परंतु संकेताला कुलूप घालणारी यंत्रसामग्री लहान चालकाच्या ऐपतीबाहेरची असल्यामुळे ती मोठ्या शहरातील एमएसओच्या, म्हणजे अनेक चालकांना संकेत पुरविणाऱ्या कंपनीच्या, हाती गेली. आणि कालपर्यंत आपल्या गल्लीचा मक्तेदार असलेला केबलचालक तिचा वसुली कारकून झाला. आपसांत करार न जमल्यास निःशुल्क वाहिन्यांच्या उत्पन्नातील ४५ टक्के व सशुल्क वाहिन्यांतील ३५ टक्के त्याचे, अशी वाटणीही दूरसंचार नियामकाने २०१२ साली ठरवून दिली.

या वाटणीत गावच्या वाहिनीचे नाव कोठेच नव्हते. तिचा मॉड्युलेटर निरुपयोगी झाला, कारण बॉक्स उघडतो तो एमएसओने यादीत घातलेल्या वाहिन्यांपुरताच. आता एका तालुक्याची बातमी दूरच्या केंद्रावर पाठवावयाची, तेथे कुलूपबंद करून घ्यावयाची आणि तीच तारेने परत आणावयाची, हा द्राविडी प्राणायाम ज्याला परवडला तो टिकला.

अखेर ३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा वाहिन्यांना ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणून मान्यता दिली: दर वाहिनीमागे १००० रुपये नोंदणी शुल्क, आणि एकूण वाहिन्यांच्या क्षमतेच्या ५ टक्क्यांची मर्यादा. शुल्क अल्पच आहे. मात्र अशी वाहिनी एकाच वितरकापाशी राहिली पाहिजे, दुसऱ्याला देता येत नाही, हा त्यातील निर्बंध जाचक होय; कारण एकाच गावात दोन कंपन्यांच्या तारा फिरत असतील, तर अर्धे गाव आपल्याच नगरपालिकेच्या बातमीस मुकते. शिवाय नोंदणी होते ती वितरक कंपनीच्या नावे. कॅमेरा घेऊन मिरवणुकीत चालणाऱ्या माणसाची दखल त्या दप्तरात नाही.